चढावर पाणी चढत नाही म्हणे

बायांनो, आज डोकं फिरलं म्हणून लिहून राह्यली. मी चौथी शिकली, चुका काढू नका.

आमचं गाव डोंगरावर, नगरपंचायतीचा नळ पार खालच्या आळीत. मी अन् माही मैत्रीण कांता, वीस वर्षं संगंच डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन चढ चढलो. ती निवडणुकीले उभी राह्यली तवा फोटोसाठी माहीच चुंबळ अन् माहाच गुंड डोक्यावर घेतला. म्हणे, "निवडून आली का पहिला नळ तुह्या दारात." मी घरोघर हिंडून तिले मतं मागितली.

आज नवी पाइपलाइन खालच्या आळीतच थांबली. मी नगरपंचायतीत गेली, विचारलं, "कांते, वर काऊन नाही?"

खुर्चीतूनच म्हणे, "ताई, चढावर पाणी चढत नाही वो. इंजिनिअरनं सांगतलं."

मले ताई म्हणे. कालपर्यंत अवं-तुवं होतं.

वापस येताना खालच्या आळीतलं तिचं नवं घर लागलं. दुसऱ्या मजल्यावरची टाकी भरून वाहून राह्यली होती. तिथं बरं चढलं पाणी.

चुंबळ अजून तिच्याकडंच हाये. उद्या मागून आणतो, मले लागते. तुमच्यातली कोणी खुर्चीत बसल्यावर पहिल्यासारखी बोलते का?