माझ्याऐवजी मशीनची सही

मी तापट आहे आणि मला माझ्या कामाचा गर्व आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते.

भिलाईत पॉवर हाउस भागात आमचं छोटं ऑफिस. राइस मिलमध्ये ट्रक तोलायच्या काट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. दर शुक्रवारी नवी आवृत्ती निघायची. ती तयार करणारी पाइपलाइन, म्हणजे कॉम्प्युटरवरची कामांची साखळी, आपोआप चालायची, पण शेवटी आवृत्तीचा आकडा एकानं वाढवून आपल्या नावानं कमिट करायचा, म्हणजे नोंदवायचा, आणि सगळ्यांसाठी पुश करायचा, म्हणजे पाठवायचा, हे माझ्याच हातचं. ऑफिसचे मालक काका स्टील प्लांटमधून रिटायर झालेले फोरमन. "सही मानसाचीच पायजे," हे त्यांचं ठरलेलं. चार वर्षांत मी एकाही शुक्रवारी सुट्टी घेतली नव्हती.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. गावी, गोंदियाजवळ. हळद नेमकी शुक्रवारी.

"हळदीले आली नाही तर लग्नाले बी येऊ नको," ती फोनवर म्हणाली. तीही माझ्याच आईची लेक.

मी तीन दिवस बसून पाइपलाइनला कमिट आणि पुश शिकवलं. काकांना म्हटलं, एकदा बघा तरी. बुधवारी ते बसले. पाइपलाइन सुरू व्हायला कोणाला तरी फाइलमध्ये काही बदल करावा लागतो. तो बदल आपणच करणार, असं काकांनी ठरवलं. त्यांनी उदबत्ती लावली, कॉम्प्युटरला कुंकू वाहिलं आणि आवृत्तीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर टाइप केलं : ॥ श्री ॥.

पाइपलाइन पडद्यावर लाल होऊन थांबली. पहिल्या ओळीत आकडा असतो, एवढंच मी तिला सांगितलं होतं.

"काका, तुमच्या श्रीनं अडलं ना!"

"श्रीनं कोनाचं अडत नसते. तुयं मशीन अडानी हाय. नव्या कामाले श्री लिवाचं नाही का?"

"मी पुसते ती ओळ."

"पुसून तर पाहय!"

मी तणतणत सेक्टर २ला घरी आले आणि आईला काकांचे सगळे दोष ऐकवत भाजी चिरायला घेतली. अर्धी भाजी होईपर्यंत माझं मलाच कळलं. माझ्या जागी कोणीही असतं तर श्री वाचून पुढच्या ओळीवर गेलं असतं. ज्याला सहीचा हक्क हवा, त्याला एवढं तरी यायलाच हवं. म्हातारा बरोबर होता. हे कबूल करणं मला आजही जड जातं.

गुरुवारी मी पाइपलाइनला नव्यानं शिकवलं : आकड्याची ओळ शोध, तेवढीच बदल, बाकी कशाला हात लावू नको, आकडा सापडला नाही तर मुकाट्यानं थांब. काकांसमोर चालवून दाखवलं. श्री जागच्या जागी, खाली आकडा एकानं वाढलेला, कमिट करणाऱ्याच्या नावात "मशीन". काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग खोडी म्हणून मधात चार रिकाम्या ओळी घातल्या. तरी चाललं. माझी छाती फुगली होती, मी लपवलीही नाही.

"मी बसतो उद्या समोर," ते म्हणाले. "तू जाय."

शुक्रवारी मांडवात माझे दोन्ही हात हळदीनं भरलेले, लक्ष सगळं फोनकडे. वाजला, तेव्हा आईनंच तो माझ्या कानाला धरला.

"गेलं वो पोरी," काका म्हणाले. "मी नुसता पाहत बसलो. हात लावाचं कामच नाही पडलं." मग म्हणाले, "इतके शुक्रवार तुले कावून अडकवून ठेवलं असन मी?"

मला एकदम रडू आलं. बाया विचारायला लागल्या, काय झालं, कोणाचं काही बरंवाईट झालं का?

"माह्या मशीननं माह्याबिगर काम केलं," मी सगळ्यांना सांगत सुटले. कोणाला काही कळलं नाही.

"मंग रडून कावून राहिली?" बहिणीनं गाल पुढे केला. "लाव ना हळद."