मार्गदर्शकाने शेवटी बोलावं

एआयने माणसाच्या हिताला धरून वागावं यासाठी संशोधन करणारी माणसं घडवायची, असा एक उपक्रम आहे. त्यात मी मार्गदर्शक आहे. तिथला पहिलाच नियम असा की बैठकीत शिकणाऱ्याने आधी बोलायचं, मार्गदर्शकाने शेवटी. नाशिकच्या कॉलेजात फळ्यासमोर उमर घालवलेल्या बाईला हे कसं जमणार? मी आपली आधीच बोलून मोकळी होत असे.

माझी विद्यार्थिनी सिन्नरची. दर शनिवारी एसटीने यायची आणि कॉलेजच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी लॅपटॉप उघडून बसायची. आमचा विषय होता भाषेच्या मॉडेलची, म्हणजे चॅटबॉटमागच्या एआयची, हांजी हांजी. वापरणारा धडधडीत चुकीचं बोलला तरी मॉडेल त्याचीच री ओढतं. ही खोड मोडायची कशी, ते आम्ही शोधत होतो. एक उपाय मी सुचवला. तिने तो करून पाहिला आणि मॉडेलने मान डोलावणं खरंच सोडलं. मी इतकी हरखले की स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

निष्कर्ष पाठवायच्या दिवशी ती लॅपटॉप उघडेना. मग खाली बघत म्हणाली, की मॉडेल आता बरोबर गोष्टींनाही नाही म्हणतंय. खरं-खोटं त्याला कळलेलंच नाही, ते नुसता नकार शिकलंय. हे तुला कधी कळलं, असं मी विचारलं. पेढ्यांच्या आधीच, म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लय खूश होता, मॅडम."

राग आला, पण तो तिच्यावर काढायला मला तोंड नव्हतं. मॉडेलची जी खोड आम्ही मोडायला बसलो होतो, ती मी शेजारी बसलेल्या मुलीला लावली होती. फार वाईट वाटलं.

तिला उपक्रमाच्या पुढच्या टप्प्यात घ्यायचं की नाही, हे माझ्या शिफारशीवर ठरणार होतं. नाहीतर घरच्यांनी एमआयडीसीतली नोकरी बघून ठेवलेलीच होती. शिफारशीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: मार्गदर्शकाला न आवडणारं खरं ही व्यक्ती तोंडावर सांगते का?

मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि काय लिहू, असं विचारून गप्प बसले. तिने हो म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसतही असणार. तिने प्रश्न वाचला, माझ्याकडे पाहिलं.

"नाय लिहा, मॅडम."

मी 'हो' लिहिलं.