आठ किल्ल्या आणि आनंदी दार

आमच्या घरी व्हिडिओ गेम कोणी विकत आणला नाही, तो तडीपार होऊन आला. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या मावशीच्या मुलीचं, माझ्या ताईचं, दहावीचं वर्ष सुरू झालं आणि मावशीने तो टॉवेलमध्ये गुंडाळून डोंबिवलीला आमच्याकडे आणून ठेवला. "परीक्षा संपेपर्यंत हिला याचं तोंड दिसता कामा नये," ती आईला म्हणाली. ताई मागे उभी राहून टॉवेलकडे बघत होती, आत बाळ असल्यासारखी. मी सातवीत होते. मी चहाचे कप उचलून स्वयंपाकघरात नेले, ओट्याशी कोणी नाही हे बघितलं आणि तोंडावर हात दाबून नाचले.

सोबत एकच कॅसेट होती. लाल मफलर घातलेली एक खार, तिने फळ्यांवरून उड्या मारत, काटे आणि वटवाघळं चुकवत आठ स्टेज पार करायच्या. हा त्या खारीचा दुसरा भाग. पहिल्या भागात नुसतं डावीकडून उजवीकडे पळायचं असतं, असं ताई सांगायची. दुसऱ्यात वाटेत दाणे, फुगे, एक रुसलेलं बेडूक असं बरंच काही होतं. त्यांच्याकडे बघितलं नाही तरी स्टेज पार व्हायची. बघितलं तर कधी एक लाइफ जास्त मिळायची, कधी बेडूक नुसतं मान हलवायचं.

रोज अर्धा तास खेळायची परवानगी होती. खेळायचा मात्र समोरचा. समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारा तो मुलगा नववीत होता, हुशार होता आणि आईला आवडायचा. "मी आलेलो," असं दारातून म्हणत तो आत यायचा आणि माझ्या हातातला रिमोट घ्यायचा. नाही कसं म्हणायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी बाजूला मांडी घालून बसायचे. त्याने पंधरा दिवसांत गेम संपवली आणि जिन्यात सगळ्यांना सांगितलं.

बाजूला बसणाऱ्याला जे दिसतं ते खेळणाऱ्याला दिसत नाही. पहिल्या स्टेजच्या आधी पडद्यावर चार ओळी यायच्या. समोरचा त्या येण्याआधीच बटण दाबायचा. एकदा मी एकटी असताना बटण दाबलंच नाही. शेवटची ओळ होती: ब्रिंग एट की, डोअर इज हॅपी. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत असलं इंग्लिश लिहिलं असतं तर बाईंनी वहीभर लाल रेघा मारल्या असत्या. मी ती ओळ तीनदा वाचली. कोणीतरी, कुठल्यातरी लांबच्या देशात, येत नसलेल्या भाषेत, मला काहीतरी सांगत होतं.

गेम संपवल्यावर समोरच्याचं येणं कमी झालं, तेव्हा मी हळू खेळायला लागले. खारीला मागे वळवलं. भिंतींना धडका दिल्या. खड्ड्यात मुद्दाम पडले. आठव्या दिवशी दुसऱ्या स्टेजमध्ये, धबधब्याच्या मागे, जिथे कोणी जाणार नाही अशा कोपऱ्यात एक पिवळी किल्ली लटकलेली दिसली. खारीने ती घेतली तेव्हा टुंग असा आवाज आला. मी एवढ्या जोराने "आई!" ओरडले की आई कणकेच्या हातांनी धावत आली.

"काय झालं गं? झुरळ?"

"नाही. काही नाही."

तिने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग हसतेस कशाला एवढी?"

हे मी स्वतःपाशीच ठेवलं असतं. पण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात संध्याकाळी बिल्डिंगमधली मुलं जिन्यात बसली होती आणि समोरचा सांगत होता की या गेममध्ये आता काही राम नाही, संपली. मी दूध घेऊन वर जात होते. माझे पाय थांबले आणि तोंड आपोआप उघडलं.

"संपली नाहीये. एक दार आहे."

सगळे वळून बघायला लागले. बहुतेकांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असावा.

"कुठलं दार?" समोरचा म्हणाला.

"आठ किल्ल्या लपवलेल्या आहेत. एकेका स्टेजमध्ये एक. सगळ्या घेतल्या की शेवटी दार उघडतं."

"मी तीनदा संपवलेली. दार-बिर काही नाही."

"तू वाचत नाहीस."

हे मी कसं बोलले, मला अजून कळत नाही. खालच्या पायरीवरची एक मुलगी फिसकन हसली. समोरच्याचे कान लाल झाले. "आयला, कॉन्व्हेंटमध्ये थापा पण शिकवतात काय?" तो म्हणाला. आता सगळेच हसले. "सांग ना, दाराच्या आत काय आहे? खजिना-बिजिना?"

आत काय आहे हे मला माहीत नव्हतं. तोवर माझ्याकडे एकाच वेळी तीनहून जास्त किल्ल्या कधी आल्या नव्हत्या. "दसऱ्याला सोनं द्यायला याल तेव्हा दाखवते," मी म्हणाले आणि दुधाची पिशवी घेऊन वर पळाले. दार लावलं तेव्हा मला हसू येत होतं.

अडचण अशी होती की या गेमला आठवण नव्हती. बंद केली की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. अर्ध्या तासात आठ किल्ल्या अशक्य. मग मी ठरवलं की गेम बंदच करायची नाही. आमच्या भागात शुक्रवारी लाइट जायची, म्हणून शनिवारी सुरुवात केली. दसरा गुरुवारी होता. रोज अर्धा तास खेळायचे, मग गेम थांबवून ठेवायचे, टीव्ही तेवढा बंद करायचे आणि गेमच्या छोट्या लाल दिव्यावर क्रोशाचा रुमाल टाकायचे. शाळेत भूगोलाच्या तासाला मला तो दिवा डोळ्यांसमोर दिसायचा. माझी खार चौथ्या स्टेजमध्ये, ढगावर एक पाय टाकून, चोवीस तास ताटकळत उभी होती.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी सातवी किल्ली मिळाली. उरलेली आठवी कुठे असणार तेही कळलं होतं.

बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. तिथे खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून, हार घालून पूजा व्हायची. घरच्या यंत्रांची पूजा बाबा दसऱ्याला सकाळी करायचे आणि ती कंपनीपेक्षा कडक असायची. स्कूटर, आईचं शिलाई मशीन, मिक्सर, त्यांचा पान्ह्यांचा डबा, शिवाय माझी पुस्तकं, जी त्या दिवशी उघडायची नसत. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा पाटावर मिक्सरच्या शेजारी माझा गेम बसला होता. पुसून लख्ख केलेला. वायर नीट गुंडाळून रबर लावलेलं. दोन्ही रिमोटवर हळदीकुंकवाची बोटं, कॅसेटवर झेंडूचं फूल.

"बाबा, तुम्ही तो बंद केलात?"

"मग? चालू मशीनला हात लावायचा नाही. आधी सप्लाय तोडायचा, मग पुसायचं." त्यांच्या चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान होतं. "अगं, केवढा तापला होता! रुमाल कोणी टाकला त्याच्यावर? रात्रभर चालू ठेवलास का काय?"

 मला रडायला आलं, पण बाबा उदबत्ती ओवाळत होते. गेमला ओवाळताना त्यांनी डोळे मिटले. त्यावर रागवायचं कसं?

बाबा पूजा झाल्यावर स्कूटरच्या चाकाखाली लिंबू चिरडून ताईला आणायला स्टेशनवर गेले. टेंभी नाक्यावर देवीच्या गर्दीमुळे नऊ दिवस अभ्यास झाला नाही, अशी सबब सांगून ताई इतिहासाचं पुस्तक घेऊन आमच्याकडे येणार होती. आली ती थेट पाटासमोर उभी राहिली. "माझं बाळ! याला कोणी हळद लावली?"

मी तिला बाल्कनीत नेऊन सगळं सांगितलं. संध्याकाळी जिन्यातली सगळी मुलं येणार आहेत. आज दार दिसलं नाही तर मी थापाडी ठरणार. याच्यापुढे मी जिन्यात तोंड उघडलं तर ती थापच असणार. आणि पूजेतली वस्तू आज वापरायची नाही, असा बाबांचा नियम.

"पण स्कूटर तर वापरली की त्यांनी," ताई म्हणाली. "मी तिच्यावरूनच आलेय."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी आत गेले. बाबा पुरी-श्रीखंडानंतर लवंडले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी वाद घातला, तोही उभ्याने.

"बाबा, स्कूटरची पूजा झाली, तरी तुम्ही ती चालवलीत."

"ते वेगळं. पूजेनंतर गाडी एक फेरी मारून आणायची असते."

"मग कंपनीत?"

"कंपनीत पण पूजा झाली की मशीन एकदा चालवून..." बाबा थांबले. उठून बसले. आईकडे बघितलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. "तुमचंच शास्त्र," ती म्हणाली.

"बरं, एक फेरी," बाबा म्हणाले. "पण पद्धतशीर." त्यांनी पाट हलवला, अक्षता टाकल्या, आणि ताईने अगदी गंभीर चेहऱ्याने आणलेलं लिंबू खरोखर रिमोटखाली ठेवलं. "दाब," ते मला म्हणाले. लिंबू काही चिरडलं नाही, घरंगळत कपाटाखाली गेलं. ताई जमिनीवर लोळायला लागली.

साडेचार वाजले होते. पाचला मुलं आली. आपट्याची पानं आईबाबांच्या हातात कोंबून, वाकून, एकेक जण टीव्हीसमोर बसला. एकूण अकरा जण. समोरचा सगळ्यात पुढे. तो हात पुढे करून म्हणाला, "दे, मी आणतो तुझ्या किल्ल्या."

"नाही," मी म्हणाले. खूप सोपं होतं.

शोधायला जिथे कितीतरी दिवस गेले होते, तिथे आणायला एक तास लागला. मी धबधब्याच्या मागे शिरले तेव्हा मागून "अरे!" आलं. दुसरी किल्ली, टुंग. तिसरीसाठी खड्ड्यात उडी मारली तेव्हा सगळे ओरडले, "मेली, मेली!" आणि खार खालच्या गुहेत अलगद उतरली तेव्हा नुसता गलका झाला. खालच्या पायरीवरची ती मुलगी माझा खांदा धरून बसली होती. मला खांदा धरलेला आवडत नाही, पण त्या दिवशी चाललं. मी चक्क बोलत होते. "आता इथे थांबायचं. वटवाघूळ दोनदा जातं. तिसऱ्यांदा येतं तेव्हा त्याच्या डोक्यावर." रिमोटची हळद माझ्या बोटांना लागली होती, घामाने सगळी बटणं पिवळी झाली होती.

आठवी किल्ली रुसलेल्या बेडकाच्या खाली होती. बेडूक फक्त खार त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली तरच उठायचं. माझ्याकडे एकच लाइफ उरली होती. मी पाठ केली. अकरा जणांनी श्वास रोखला. बाबा म्हणाले, "कोणी हलू नका." बेडूक उठलं. टुंग.

शेवटच्या स्टेजमधल्या राजवाड्याच्या भिंतीत एक दार आलं. खरंच आलं. दाराला दोन डोळे होते आणि ते हसत होतं. खार आत गेली. एक रिकामी खोली, मधे एक पेटी. पेटी उघडली, वाजंत्री वाजली, आणि खारीचा लाल मफलर पिवळा झाला.

बस. एवढंच.

 मग ताई म्हणाली, "काकांनी हळद लावली, ती आत पोचली." आणि असा स्फोट झाला की खालच्या मजल्यावरच्या काकू बघायला वर आल्या. कोणी उशा उडवत होतं, कोणी "पिवळा! पिवळा!" करत पलंगावर नाचत होतं. बाबा आईला सांगत होते, "बघ, पूजेचा परिणाम." समोरच्याने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "मानलं," तो म्हणाला. "अजून काय काय आहे आत?"

अकरा चेहरे माझ्याकडे वळले. मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांना पटलं असतं. ते मला दिसत होतं, आणि डोक्यात पेढ्यासारखं काहीतरी विरघळत होतं.

"नववी किल्ली आहे," मी म्हणाले. "पण ती मला अजून सापडली नाही."

अशी कुठलीही ओळ पडद्यावर आली नव्हती. मी ते तिथेच, त्या क्षणी बनवलं.

दिवाळीची सुट्टी आमच्या घरात गेली. पाळ्या लावून मुलं खेळत होती. मी शेजारी मांडी घालून बसायचे आणि "तिकडे नाही, तिकडे मी बघितलंय" एवढं म्हणायचे. दरवेळी वाटायचं, आता सांगून टाकावं. आणि भाऊबीजेच्या दुपारी, मी आईबरोबर मामाकडे शहाडला गेले असताना, समोरच्याला नववी किल्ली सापडली.

मी परत आले तेव्हा सगळे जिन्यात वाट बघत होते. "सहाव्या स्टेजला," तो धापा टाकत म्हणाला, "पुलाच्या खाली. निळी होती. टुंग नाही, टिंग वाजलं. आणि तेवढ्यात लाइट गेली. कोणी बघितलं नाही, पण शप्पथ."

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले होते, दसऱ्याआधी जिन्यात झाले होते तसेच. त्याने ती खरंच बघितली होती की नाही, मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. एवढं मात्र माहीत होतं की पुलाखाली मी कधी गेले नव्हते.

"हो," मी म्हणाले. "निळीच असते."