ट्रेसिंगच्या कापडाचं झबलं

साहेबांनी माझ्या पोरीच्या अंगातलं झबलं ओढून काढलं. डोक्यातून निघेना, तर जोरानं हिसकलं. पोरीचा कान दुमडला, ती किंचाळली. खोलीत चार पाहुणे साहेब चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर ती उघडी. पौषाची थंडी होती. साहेबांनी झबलं खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "चोरलंय हिनं."

मी दारात उभी. हातात झाडू.

पाहुण्यांतला एकजण अजून हसत होता. त्याच्यामुळंच हे सुरू झालं. मी ओटा झाडत होते, तेवढ्यात माझी पोरगी हौसा रांगत रांगत आत गेली होती. तिच्या पाठीवर झबल्यावर फिक्या निळसर रेघा होत्या. गोल, एकात एक. त्या चष्मेवाल्या पाहुण्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "अहो, हा तर तुमच्या कारखान्याचा गोल जिना. चला राव, कुठं तरी चढला एकदाचा. पोरीच्या पाठीवर का होईना."

चौघं हसले. आमचे साहेब हसले नाहीत. ते उठले.

आता हे कापड काय होतं ते सांगते, म्हणजे कळेल.

आमचे साहेब इमारतींचे नकाशे काढायचे. त्यांना आर्किटेक्ट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, आम्ही नकाशावाले साहेब म्हणायचो. पिंपरीच्या माळावर एका मोठ्या कारखान्याचं काम त्यांच्याकडं होतं. माझा नवरा तिथं बिगारी, मी भिंतींवर पाणी मारायला. पाया भरून झाला, खांब छातीपर्यंत आले आणि काम थांबलं. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती. मशीन परदेशातून यायचं होतं आणि सरकार त्याचा परवाना देत नव्हतं. देशाकडं परदेशी पैसाच उरला नाही, असं मुकादम सांगायचा. मशीन नाही तर कारखाना कशाला, कारखाना नाही तर नकाशा कशाला. आमचंच नाही, सगळ्यांचीच कामं थांबली. मुंबईच्या रस्त्याला नुसते खांब उभे. त्यांच्या गजांना गंज चढला, गवतात शेळ्या चरायला लागल्या.

साहेबांनी पुण्यातलं ऑफिस सोडलं आणि चिंचवडात एक लहान बंगला भाड्यानं घेतला. पुढच्या खोलीत ऑफिस, मागं बिऱ्हाड. नकाशे काढणारी माणसं एकेक करून गेली. शेवटचा सिनेमाच्या पाट्या रंगवायला गेला. तरी साहेब रोज कोट घालून पुढच्या खोलीत बसायचे. एखादं गिऱ्हाईक येणार असलं की बाईंच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, भावाला आणि शेजारच्या मास्तरांना बोलावून नकाशाच्या पाटांपुढं बसवायचे. त्यांनी जुन्या नकाशावर पेन्सिल फिरवायची. काम जोरात आहे असं दिसायला पाहिजे. गिऱ्हाईक निघून गेलं की मास्तर विचारायचे, "साहेब, आज मी काय बांधलं?" बाईंचा भाऊ हसायचा. साहेबांना ते चालायचं नाही.

दर रविवारी हे चार पाहुणे पुण्याहून यायचे. तेही नकाशावालेच. स्टेशनवरून चालत यायचे आणि प्रत्येकाच्या काखेत नकाशांची गुंडाळी असायची. त्या गुंडाळ्या ओट्यावर ठेवून ते आत बसायचे. मी झाडताना उचलून बघितल्या आहेत. कोरे कागद. लोकांना वाटावं हातात कामं आहेत. खोलीत बसून ते ठरवायचे की ठरलेल्या दरापेक्षा कमी दरात कोणी काम घ्यायचं नाही, एकमेकाचं गिऱ्हाईक पळवायचं नाही. पाहुणे गेले की आमचे साहेब बाईंना सांगायचे, त्यातल्या अमक्यानं कालच निम्म्या दरात काम उचललं. आणि सोमवारी स्वतः त्याच गिऱ्हाइकाकडं जायचे.

नकाशे पक्के करायचे ते एका कापडावर. ट्रेसिंगचं कापड. खळ देऊन कागदासारखं कडक केलेलं, गुळगुळीत, निळसर. ते गरम पाण्यात सोडा घालून भिजवलं की खळ सुटते, शाई वाहून जाते आणि खाली मलमलीसारखं मऊ पांढरं कापड उरतं. कपाटात गठ्ठेच्या गठ्ठे पडले होते. बाईंनी एकेक काढायला सुरुवात केली. मुलांचे सदरे, उशांचे अभ्रे, साहेबांचे हातरुमाल. दुकानातून घ्यायची सोय नव्हती तेव्हा.

धुवायला मी. साइट बंद झाल्यावर साहेबांनी मला अंगण आणि ऑफिस झाडायला ठेवलं होतं. आम्ही गावकुसाबाहेरचे. मागच्या घरात माझा पाय नाही. गावातली मोलकरीण होती, पण हे कापड बाईंनी तिला कधी धुवायला दिलं नाही. तिनं चार घरी सांगितलं असतं की नकाशावाल्यांकडं नकाशे धुऊन नेसायची पाळी आलीय. मी कोणाला सांगणार? मला कोण दारात उभं करत होतं? मी मागच्या अंगणात धुवायचे, वाळत घालायचे, आणि बाई वरून तांब्याभर पाणी ओतून मगच ते कापड आत न्यायच्या. सोड्यानं माझ्या बोटांची सालं निघायची.

एका तुकड्यावरच्या रेघा जाईनात. कोणीतरी टाक फार दाबून चालवला असेल. दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा उकळलं, तरी जिना तसाच. बाईंनी तो तुकडा माझ्याकडं टाकला. "घे, तुझ्या पोरीला होईल." मी हातानं झबलं शिवलं. तेवढीच एक चांगली वस्तू तिच्या अंगावर होती.

तर साहेब म्हणाले, चोरलंय हिनं. मी म्हणाले, "बाईंनी दिलंय."

बाई आतल्या दारात आल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. बाईंचा चेहरा लाल झाला. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, नवऱ्याकडंही नाही. पाहुण्यांच्या कपबशांकडं बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

चष्मेवाल्यानं हसून हसून पाणी आलेले डोळे पुसले. खिशातून रुमाल काढला. मी त्या कापडात महिनोन् महिने हात घातले होते, मला ते लांबूनही ओळखू यायचं. त्याचाही रुमाल त्याच कापडाचा होता. शेजारच्यानं तोंड पुसलं, त्याचाही. कडा वेगळ्या धाग्यानं शिवलेल्या, एवढाच फरक. त्यांच्याही घरी बायका तेच करत होत्या.

तेव्हा मला कळलं. तोवर मला वाटत होतं की साहेबांचा गैरसमज झालाय, बाई बोलल्या की मिटेल. गैरसमज कोणाचाच नव्हता. खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं ते कापड कुठून आलं. म्हणूनच मी चोर असायला पाहिजे होते. मी चोर नसेन तर त्यांची घरं उघडी पडत होती.

साहेब म्हणाले, "पाया पड सगळ्यांच्या. म्हण, मी चोरलं. मग उद्यापासून ये कामावर."

त्या काळात आमच्या घरी दुसरी कमाई नव्हती. नवरा रोज चौकात जाऊन बसायचा आणि रिकामा परत यायचा. माझं काम गेलं तर चूल बंद. हे साहेबांना माहीत होतं, म्हणून ते शांतपणे बोलत होते.

मी म्हणाले, "न्हाई म्हणणार."

"काय?"

"मी चोरलं न्हाई. म्हणणार न्हाई."

एवढंच. मी आत गेले. त्या खोलीत साहेबांच्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच पाय ठेवला. पोरगी उचलली, पदरात गुंडाळली. साहेबांनी झबलं अंगणात फेकलं. मी ते उचलायला वाकणार तोच बाई मागून आल्या. त्यांनी काठीनं ते उचललं आणि पाणी तापवायच्या बंबात घातलं. ज्यांनी दिलं त्यांनीच जाळलं. सुती कापड, लगेच गेलं.

नवऱ्यानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्हणायचं की. तोंड झिजतंय व्हय?" तीन घास तिघांत वाटायची वेळ आली तेव्हा त्यानं पुन्हा तेच विचारलं, आता हात जोडून, हळू आवाजात. मला त्याचं उत्तर आजही देता येत नाही. त्याचं चुकत नव्हतं.

मग एक दिवस बाई आल्या. वस्तीत नाही, वस्तीच्या अलीकडं बाभळीखाली उभ्या राहिल्या आणि एका पोराकडून मला निरोप पाठवला. हौसाला खोकला झाला होता, मी तिला काखेत घेऊनच गेले. बाई खूप वाळल्या होत्या. म्हणाल्या, रविवारची माणसं यायची बंद झाली. साहेब बोलत नाहीत, जेवत नाहीत, त्या खोलीत नुसते बसून असतात. आता लोक काय म्हणतील हेच धरून बसलेत. मी येऊन चारचौघांत एकदा कबूल केलं तर त्यांचं मन थाऱ्यावर येईल.

"माझ्यासाठी म्हण गं. मी तुला नवं कापड घेऊन देते."

मी म्हणाले, "तुमीच सांगा की बाई, मी दिलं म्हणून."

बाईंनी मान फिरवली. मग म्हणाल्या, "मला नाही म्हणता येत."

"मला बी न्हाई."

त्या रडल्या. मी नाही. मला त्यांची दया आली नाही, असं मी खोटं लिहिणार नाही, आली. पण दया आली म्हणून मी चोर होत नाही. मी पोरगी घेऊन माघारी आले.

पुढं वर्षा-दोन वर्षांत परवाने मिळायला लागले. माळावर पुन्हा मिक्सर फिरू लागले. पिंपरीपासून निगडीपर्यंत माणसं कमी पडत होती, बायकांना हाक मारून कामावर घेत होते. मी जायचे, मुकादम नाव विचारायचा आणि म्हणायचा, "तुला न्हाई घेता यायचं. साहेबांनी सांगितलंय." ज्या साइटवर त्या पाच जणांपैकी एकाचाही फलक असेल तिथं मला काम नाही. दरावरून एकमेकाचा गळा धरणारी माणसं, माझ्या बाबतीत त्यांचं एकमत होतं. मंदी सरली तरी त्यांनी पाळलेला तेवढा एकच ठराव.

मग आम्ही मोशीच्या खाणीवर गेलो. खडी फोडायची. ज्या इमारतींवर मला पाणी मारू दिलं नाही, त्यांच्यात माझी खडी गेली. याचा मला अभिमान वगैरे काही नाही. खडी कोणीही फोडतं. नवऱ्याच्या छातीत धूळ बसली, तो खोकत खोकत गेला. हौसा हातोडी धरता आली तेव्हापासून माझ्याशेजारी बसली. तिला शाळेत घालायचं होतं. मी स्वतः चौथी शिकलेली, तिला दुसरीचीही पाटी मिळाली नाही. तीही खाणीच्या धुळीनंच गेली, दोन मुलं मागं ठेवून. त्या दिवशी मी दोन शब्द म्हटले असते तर ती कदाचित अंगणात खेळली असती, शाळेत गेली असती. हे मला कोणी सांगायला नको. मी रोज हिशेब करते आणि रोज तेच उत्तर येतं.

आता नातू चाकणला कंपनीत ठेक्यावर आहे. मागं एकदा मालाची पेटी फुटली. फोडली दुसऱ्यानं, सुपरवायझरनं माफी याला मागायला लावली. यानं मागितली. घरी येऊन जेवला नाही. मी त्याला काही म्हणाले नाही. त्याची पोरं लहान आहेत. आणि माझ्या न म्हणण्यानं कोणाचं भलं झालं, असं मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

पण मी म्हणणार नाही. भूक असताना म्हटलं नाही, नवऱ्यानं हात जोडले तेव्हा म्हटलं नाही. उद्या मरताना कोणी कानाशी येऊन म्हणालं की एकदा कबूल कर आणि सुटून जा, तरी म्हणणार नाही. कोणाला पटो न पटो. माझ्याकडं देण्यासारखं पुष्कळ होतं, सगळं दिलं. हे नाही दिलं, हे द्यायचं नाही.

साहेब गेले. पाहुणे एकेक करून गेले. बाई गेल्या म्हणून ऐकलं. नवरा गेला, हौसा गेली. त्या खोलीत जी माणसं होती त्यांतली मी एकटी जिवंत आहे.