साडूपेक्षा मोठा कॅमेरा

बसा बाप्पा, चहा उकळून राहिला. तवरीक माझी फजिती ऐकून घ्या. कोणाले सांगायची नाही म्हणून वर्षानं, म्हणजे आमच्या मंडळीनं, मले शपथ घातली होती. पण तुमच्यापासून काय लपवायचं? अन् खरं सांगू का, तिनं स्वतःच साऱ्या कोराडी कॉलनीत सांगून टाकलं आहे.

या साऱ्या प्रकरणाचं मूळ म्हणजे माझा साडू. नितेश. वर्षाच्या पाठच्या बहिणीचा नवरा, राहते शहराच्या दुसऱ्या टोकाले, बेस्याले. माणूस वाईट नाही. तेच तर दुखणं आहे! वाईट असता तर मले जळायले किती सोपं गेलं असतं!

तो यायच्या अगुदर सासुरवाडीत मी एकटाच जावई. मी गेलो का पाटवडीचा रस्सा व्हायचा, मामाजी, म्हणजे माझे सासरे, उठून स्वतःची खुर्ची मले द्यायचे. नितेश आला अन् मामाजी मले म्हणायले लागले, "तुम्ही तं घरचेच, तुम्ही बसा न दिवाणावर." घरचेच! समजलं का तुम्हाले? म्हणजे जुने झाले.

त्यात एक दिवस यानं सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. गॅलरीतली जास्वंद. फूल अगदी कोरल्यासारखं अन् मागचं सारं बेसा धुरकट. मामाजींनी, ज्यांनी माझ्या एकाही 'शुभ सकाळ'ले आजवर उत्तर दिलं नाही त्या मामाजींनी, लिहिलं, "वा जावईबापू! काय कॅमेरा, काय नजर!"

नजर म्हणे! मी पण मोबाईल घेतला, अंगणातल्या गुलाबाचा फोटो काढला अन् टाकला. आता कोराडीचा गुलाब तो, त्याच्यावर वीज केंद्राची राख. मामाजींचं उत्तर आलं, "हे काय आहे?"

त्याच आठवड्यात माझ्या सर्वात लहान साळीचं, म्हणजे वर्षाच्या बहिणीचं, स्वातीचं लग्न जुळलं. पोट्टा वाडीचा, घरचं ट्रान्सपोर्टचं काम. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. आमच्याकडे साक्षगंधात भेटी होतात. व्याह्याची व्याह्याशी, मामाची मामाशी अन् मंग मोठ्या जावयाची त्यांच्या मोठ्या जावयाशी. टोपी, दुपट्टा, गळाभेट, अन् त्यानंतर मानाची पंगत. म्हटलं, बस! नव्या सोयऱ्यांसमोर सर्वांले एकदा दिसलं पाहिजे का या घरचा मोठा जावई कोण आहे. मले माझी खुर्ची वापस पाहिजे होती, दुसरं काही नाही.

अन् घाईघाईत मी मामाजींले फोन करून बसलो, "फोटोग्राफर सांगू नका. मी आहे न. मी कॅमेरा घेऊन राहिलो."

सीताबर्डीच्या बाजारात गेलो, वर्षा संगं. दुकानदारानं दोन कॅमेरे समोर ठेवले. एक लहान, साबणाच्या वडीएवढा. दुसरा डीएसएलआर. काळाभोर, समोर हे एवढं भिंग, अन् गळ्यात अडकवायचा पट्टा.

"भाऊ, घरच्यासाठी हा लहान घ्या," तो म्हणते. "खिशात मावते. बटन दाबा, फोटो तयार. दुसरा शिका लागते."

"लहानच घ्या जी," वर्षा म्हणाली. "माझ्या पर्समध्ये पण राहीन."

मी विचारलं, "मांगचं धुरकट कशात येते?"

"दोन्हीत येते. फूल-बिल जवळून काढलं तं लहान्यातही येते."

हे वाक्य मी ऐकलंच नाही. म्हणजे कानात शिरलं, पण डोक्यात नितेश बसला होता, त्यानं आत येऊ दिलं नाही. दुकानदारानं पुन्हा विचारलं, "पण भाऊ, तुम्हाले नेमका कशासाठी पाहिजे?"

आता त्याले काय सांगू? साडूसाठी पाहिजे म्हणून?

"मोठा द्या," मी म्हटलं. त्यानं मोठा बांधला, अन् वर फोटोग्राफर लोकं घालतात तसं बिनबाह्यांचं, खिशेखिशेवालं जाकीट फुकट दिलं. बस्स, तेच जाकीट मले बुडवणार होतं.

साक्षगंधाच्या दिवशी वर्षा कोट घेऊन मांगं लागली. "अहो, मोठे जावई तुम्ही. कोट घाला न!" पण कोटात माझा कोपर वर होये ना. मी कोट ठेवला घरी अन् जाकीट चढवलं. आरशात पाहिलं. वा! नितेशनं पाहिलं तर चक्कर येऊन पडन, असं वाटलं.

वाडीले हॉलवर पोहोचलो. वर्षा आत स्वातीजवळ गेली. मी दारात उभा राहून नितेशच्या कॅमेऱ्याची वाट पाहून राहिलो. आला. कोटात, टाय लावून. गळ्यात काहीच नाही!

"काहून गा, कॅमेरा नाही आणला?" मी मोठ्या खुशीत विचारलं.

"आणला न भाऊ," म्हणे, अन् कोटाच्या खिशातून साबणाची वडी काढली. तीच! दुकानातली लहान! "याच्यातच तं ती जास्वंद काढली होती."

माझ्या पायाखालची फरशीच सरकली. म्हणजे मी एवढं धूड गळ्यात अडकवलं ते कशासाठी? अन् याच्यावर कहर म्हणजे तो माझा कॅमेरा पाहून म्हणते, "वा भाऊ! जबरदस्त!" अन् मनापासून म्हणते हो. मेला जळतही नाही!

तेवढ्यात मांगून एका बाईनं माझं जाकीट ओढलं. "ओ फोटोवाले भाऊ, आमच्या पोट्टीचा एक उभा फोटो काढून द्या न. बायोडाट्यासाठी पाहिजे."

म्हटलं, जाऊ द्या, सोयऱ्यांची पोट्टी आहे. काढला. तं मांगं अजून दोन पोट्ट्या उभ्या. मंग एक आजोबा. ते म्हणे, "हसू नको म्हणजो मले, दात नाहीत." मी काढून राहिलो. मले तं वाटून राहिलं होतं का मोठ्या जावयाची काय चलती आहे!

मंग भेटी सुरू झाल्या. व्याही गळ्यात पडले, मी फोटो काढला. हलला. मामा मामाले भेटले, तोही हलला. नितेश बाजूले येऊन हळूच म्हणे, "भाऊ, आता जावयांची पाळी आहे. द्या कॅमेरा माझ्याजवळ, मी काढतो. तुम्ही जा समोर."

आता सांगा, एवढ्या सोन्यासारख्या संधीले कोणता शहाणा माणूस नाही म्हणन? पण माझ्या मनात काय आलं माहीत आहे का? माझ्या कॅमेऱ्यातून यानं फोटो काढला अन् तो चांगला आला तर? मामाजी पुन्हा म्हणतीन, काय नजर! छ्या! मी पट्टा घट्ट धरला. म्हटलं, "तुले नाही समजणार हे. मोठं काम आहे."

तिकडून नवरदेवाच्या मामानं आवाज दिला, "मुलीकडचे मोठे जावई कोण हायत? या लवकर!"

मामाजी तेव्हा व्याह्यांच्या गराड्यात. वर्षा आत. मी एक पाऊल समोर टाकलं. मामानं माझं जाकीट पाहिलं अन् छातीवर हात ठेवून मले मांगं सारलं. "फोटोवाले, जरा सरक गा. जावयाले येऊ दे." अन् माझ्या बाजूले उभ्या असलेल्या कोटवाल्या नितेशले हात धरून ओढलं.

"अहो, नाही, मोठे जावई ते हायत!" नितेश चिल्लावला. खरंच चिल्लावला, खोटं काहून बोलू?

मामा पोट धरून हसले. "जावईबापू लय मजाकी हायत! आवं, मोठा जावई कुठं असा घामाघूम फिरते का?"

साऱ्या हॉलमधी हशा. नितेशच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर दुपट्टा. अन् मामा माझ्यावर खेकसले, "पाहून काय राहिला बे? काढ न फोटो!"

सांगा, मी काय करू? तिथेच ओरडू का, मी फोटोग्राफर नाही, मी जावई आहे म्हणून? भरल्या हॉलमधी? आपण जावई आहो हे ओरडून सांगा लागलं, तं तो मान कसला राहिला? मी काढला फोटो. तोही हलला.

मंग मानाची पंगत. पाट, रांगोळी, उदबत्ती. नितेश मधात, बिचारा चोरासारखा बसला होता. मले म्हणतात, "या फोटोवाले, विहीणबाई जावयाले घास भरवून राहिल्या, तो आला पाहिजे." मी गुडघ्यावर बसलो. भिंगातून पाहिलं. विहीणबाईच्या हातात जिलेबी, समोर साडूचं उघडं तोंड. बटन अर्धं दाबलं. टिक्! दिवसभरात पहिल्यांदा फोकस बरोबर बसला, अन् तो बसला कशावर तं त्या जिलेबीवर. मांगचं सारं धुरकट. असा झकास फोटो मी आयुष्यात काढला नाही.

पंगत उठली तशी वर्षा बाहेर आली. मले पाहून डोळे मोठे केले. "अहो, तुमची टोपी कुठं आहे? नितेशजींच्या डोक्यावर काहून आहे?"

"तू गप वं," मी म्हटलं. "मंग सांगतो."

मामाजींच्याही आता लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला. माझ्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "चुकलं आमचं. थांबा, निघायच्या अगुदर नवरदेवासमोर ओळख करून देतो. आपले मोठे जावई, म्हणून."

माझा जीव भांड्यात पडला. शेवटी मामाजींले समजलं न! मी जाकिटाचे खिसे सरळ केले, केस बसवले, मान ताठ केली.

नवरदेव आला. मामाजी तोंड उघडतीन त्याच्या अगुदर तो वाकून नितेशच्या पाया पडला. "मोठे भाऊजी, आशीर्वाद द्या." नितेश लाल-लाल झाला, त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. नवरदेव माझ्याकडे वळला. हात जोडले. मोठ्या प्रेमानं विचारलं, "दादा, आमचे फोटो कधी भेटतीन?"

मामाजी माझ्याकडे पाहून राहिले, वर्षा पाहून राहिली, नितेश पाहून राहिला. हीच वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी खाकरलो, छाती पुढे काढली, अन् सकाळपासून 'फोटोवाले, फोटोवाले' ऐकून माझ्या तोंडून निघालं,

"अल्बम पाहिजे का पेन ड्राइव्ह?"