सुशीलाक्काचं फाटक आणि आमचा एकेरी रस्ता

सुशीलाक्काला कुणाला आग्रह करावा लागत नसे. संध्याकाळी ती फाटकापाशी अबोलीला पाणी घालत उभी राही आणि ओळखीचं माणूस दिसलं की एवढंच म्हणे, "बर्री, या, बसा की घटकाभर." माणूस बसे. माझा नवराही बसे, आणि माझं दुखणं तेच होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी केशवापुरातला आमच्या दारासमोरचा मोठा रस्ता एकेरी झाला. हे अमरगोळच्या मार्केट यार्डात कारकून. सकाळी सरळ जात, संध्याकाळी मात्र मागच्या रस्त्यानं वळसा घालून येत. त्या वळशावर नेमकं सुशीलाक्काचं घर. कन्नड शाळेतून निवृत्त झालेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. माझ्याहून चांगली मोठी, पण केस काळेभोर आणि हसली की गालाला खळी. ती खळी मला कधी सहन झाली नाही.

घरी हे म्हणजे मौनीबाबा. "काय झालं आज?" विचारलं की "काही नाही." तिच्या कट्ट्यावर मात्र यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, असं भाजीवालीनं मला मुद्दाम सांगितलं. मी जळले. उगाच साळसूदपणा कशाला, खूप जळले. मला हसवायला यांना वेळ नाही आणि तिला हसवायला आहे!

धंदा बसला म्हणून आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी सभा घेतली, रस्ता पुन्हा दुहेरी करा म्हणून. मीही गेले आणि तावातावानं बोलले. आजाऱ्यांचे हाल, म्हाताऱ्यांचे हाल, पेट्रोलची नासाडी. टाळ्या पडल्या. माझ्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक? पुढे दोन-तीन वर्षांनी रस्ता खरंच दोन्ही बाजूंनी खुला झाला. त्या संध्याकाळी मी मिरचीची भजी तळून वाट पाहत बसले. भजी पार गार झाली तेव्हा स्कूटर वाजली.

"सरळ रस्त्यानं यायला एवढा वेळ?"

"मागूनच आलो," हे म्हणाले. "सवय."

आठवड्याभरात सुशीलाक्काच डब्यात पुरणाचे गरम कडबू घेऊन दारात. "वैनी, सभेत तुम्ही बोललात म्हणून रस्ता उघडला म्हणे! शाब्बास हो तुमची." चहा टाकायला आत गेले, तर तीही मागोमाग आली. मी आलं किसायला घेतलं तशी हळूच म्हणाली, "सरांच्या कपात आलं नको हं. त्यांना पित्त होतं की."

लग्न झाल्यापासून मी यांना आल्याचा चहा पाजत होते.

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"अय्य, त्यांनीच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"राग मानू नका वैनी, तुम्ही..."

"मी? मी काय केलं?"

ती हसली, खळीसकट. "हेच हो. माणसाचं वाक्य पुरं होऊ देत नाही तुम्ही. शाळेत मीही अशीच होते. शेवटी पोरं माझ्याशी बोलायचीच बंद झाली."

कडबू उत्तम झाले होते. मी एकच खाल्ला.

काही वर्षांनी घर विकून ती भाच्याकडं बेळगावला गेली आणि तिथंच वारली. निरोप यार्डातच यांच्या कानावर गेला. ती गेल्यावरही हे मागूनच येत; रस्ता उघडल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा सरळ रस्त्यानं, उजेड असतानाच घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले.

"अक्का गेली," म्हणाले. मग थांबून, "तिच्याकडं जाऊन बसलं की..."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, चांगलं धारदार. मेल्यावरसुद्धा या बाईचं कौतुक मला नको होतं. मी ओठ घट्ट मिटले. थोड्या वेळानं यांनी वाक्य पुरं केलं, मग दुसरं, मग तिसरं. सगळी तिच्याबद्दलची. लग्नानंतर हे माझ्याशी एवढं कधीच बोलले नव्हते, आणि मी मधे एक शब्द बोलले नाही.