खंडूनं हुंगलेला ड्रम

भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. तिथे कुणाला निळा ड्रम हवा असला की लोक एकच सांगतात, "खंडूकडं जा. हुंगलेला माल देतो." पाणी एक दिवसाआड येणार, म्हणजे ड्रमाशिवाय संसार मांडताच येत नाही. आणि नवा कोरा ड्रम घेणार कोण? कंपन्यांतून रिकामे झालेले ड्रम भंगारात येतात, धुऊनपुसून खोल्यांत जातात. फुटला की आडवा कापून त्यात अळू लावायचं. तेही झिजलं की मशीनमध्ये दळून प्लास्टिकचा दाणा, आणि त्या दाण्याची पुन्हा बादली. मोठमोठ्या सोसायट्यांत यावर सभा भरतात, फलक लागतात. इथे लोक काही न बोलता करत आलेत, त्याचं कौतुक कुणाला?

पण ड्रमात आधी काय होतं, ही खरी गोम. साखरेचा पाक, साबणाचं पाणी, की जीव घेणारं काही? वरचा नावाचा कागद केव्हाच फाटून गेलेला असतो. तिथे कामाला यायचं खंडूचं नाक. परभणीकडून पोटासाठी आलेला हा गडी झाकण काढायचा, मान आत घालायचा, डोळे मिटायचा. बाहेर आला की निकाल: "पाक", "साबण", नाहीतर नुसतं "आरी!" आरी म्हटलं की विषय संपला. वाईट वासाचा ड्रम तिथल्या तिथे आरीनं मधोमध कापायचा, म्हणजे कुणी चुकूनसुद्धा त्यात पाणी भरणार नाही. "प्लास्टिक वास पिऊन घेतंय, कितीबी घासा, सोडत न्हाई," हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. त्याची बायको कस्तुरा करवादायची, "अहो, मरायचंय का त्या वासानं?" त्यावर हा मिशीवर ताव देणार, "ह्या नाकावर घर चाललंय आपलं!" गर्व केवढा होता गड्याला!

दिवाळीनंतर त्याला ताप आला. ताप उतरला, अंगात ताकद आली, पण वास गेला तो गेलाच. कस्तुराने लसणाची फोडणी दिली तरी याला पत्ता नाही. येईल चार दिवसांनी म्हणून वाट पाहिली. आला नाही. सांगायची तरी कशी गोष्ट? हुंगणाऱ्यालाच वास येत नाही म्हटल्यावर दुकानात कुत्रं फिरकलं नसतं. मग त्याने तोंड शिवून घेतलं. रोज ड्रमात मान घालायचा, डोळे मिटायचा, आणि झाकणाचा रंग, तळाचा चिकटपणा, माल कुठल्या गाडीतून आला, यावरून ठोकून द्यायचा, "पाक." आता काय म्हणावं या माणसाला! तक्रार घेऊन कुणी आलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याने मनाला पढवलं होतं.

त्याची एकुलती लेक वर्षाली चाकणला दिलेली. जावई नवनाथ गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत शिफ्टला. वर्षालीला दिवस गेले तशी दोघांनी जरा मोठी खोली घेतली. बापाला राहवेना. त्याने ढिगातला सगळ्यात देखणा ड्रम निवडला, सोडा टाकून कढत पाण्याने धुतला, झेंडूची माळ घातली आणि टेंपोतून स्वतः पोचवला. "बघ, माझ्या हातचा हाय," असं चार शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

पुढच्या रविवारी नवराबायको डबा घेऊन लेकीकडे गेली. वर्षालीने पाणी द्यायला ड्रमाचं झाकण उचललं आणि दारात चपला काढणारी कस्तुरा जागीच थबकली.

"अगं बाई! हा कसला गं वास?"

"तुलाही येतोय?" वर्षालीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

कस्तुरा ड्रमावर वाकली आणि पदर नाकाला लावून मागे सरली. "थिनरसारखं काहीतरी. अहो, बघा तरी!"

खंडूने मान आत घातली. पाण्यात त्याचाच चेहरा हलत होता. वास काहीच नाही.

"मला पहिल्या दिवसापासून येतोय," वर्षाली म्हणाली. "ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, दिवसभर तेलात काम, मला काही कळत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, पोटुशीला असले नसते वास येतातच. मला तर शिजणाऱ्या भाताचाही सोसत नाही. म्हटलं, माझंच नाक फिरलंय. आणि बाबा, तुम्ही हुंगून दिलेला ना हा?"

"पिलीस तू हे?" कस्तुराने तिचा दंड धरला.

"मग काय करू? तेच तर पितेय आठवडाभर."

"अहो, बोला की! तुमचा वास चुकला कसा?"

"मला वास येत न्हाई," खंडू म्हणाला. "तापापासनं."

कस्तुरा भिंतीला टेकून खालीच बसली. "आणि रोज मान घालत होतात ती? लेकीच्या ड्रमातसुद्धा?" खंडूने होकाराची मान हलवली. त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

नवनाथने रिक्षा आणली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "ड्रममध्ये आधी काय होतं?"

सगळे खंडूकडे बघायला लागले. "ठाव न्हाई, बाई," तो म्हणाला.

"मग तुम्ही ओळखता कसं?"

त्याचा हात नाकापर्यंत गेला आणि खाली आला. बाईंनी मशीन लावलं. बाळाचे ठोके खोलीभर वाजले तेव्हा कस्तुराने रडायला सुरुवात केली. "आत्ता ठोके चांगले आहेत," बाई म्हणाल्या, "पण बाकी तपासण्या झाल्याशिवाय मी छातीठोक काही सांगणार नाही. ते पाणी आजपासून बंद." नवनाथने पाण्याची बाटली आणून दिली, तर वर्षालीने ती आधी नाकाला लावली, हुंगली, आणि मगच प्यायली. खंडूला ते बघवेना.

संध्याकाळी तो आरी घेऊन भोसरीच्या गल्लीत शिरला. कस्तुरा सोबत होती. आता नाक तिचं. पहिलं घर सावित्रीबाईंचं. जुन्या भोसरीकर, चार खोल्यांच्या मालकीण. त्यांनी शिमग्याला ड्रम नेला होता.

"मावशी, ड्रम कापायचाय."

"का रं? चांगला हाय की."

"माझं नाक गेलंय, मावशी. दिवाळीपासनं. मी नुसतं ठोकून देत होतो."

"मस्करी करतो व्हय!" सावित्रीबाई खो खो हसल्या. तोवर कस्तुराने ओट्यावरच्या ड्रमाचं झाकण काढलं होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि पदर नाकाला लावला.

सावित्रीबाईंचं हसू विरलं. "आरं देवा! मला तपकिरीनं कसला वास येत न्हाई. पर आमची सून रोज म्हणत व्हती, पान्याला वास येतोय. आमी तिलाच गप केलं. म्हणलं, खंडूनं हुंगलेला हाय, तुझीच थेरं."

सून दीपमाला आतून उंबऱ्यापर्यंत आली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका," ती म्हणाली, "मग इतके दिवस आम्ही प्यायलो, ते काय होतं?"

खंडूने खाली मान घालून ड्रमाला आरी लावली.